कार्डावरचा फोटो सणाच्या आधीच काढावा

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत टपालाने जी शुभेच्छापत्रे घरोघरी येतात, त्यांत कुटुंबाचा फोटो छापलेली कार्डे आता सर्रास दिसतात. मराठी घरांनीही ही पद्धत आपलीशी केली आहे. कुणी कार्ड दिवाळीला पाठवतात, कुणी नाताळला, तर कुणी दोन्ही सणांचे मिळून एकच. कार्डावर कुटुंबाचे चित्र असणे ही गोष्ट या प्रथेच्या उगमापासूनची आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून विक्रीसाठी छापलेले नाताळचे पहिले कार्ड करून घेतले. त्याच्या मध्यभागी टेबलाभोवती जमलेले लहानथोरांचे भरले घर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोडॅकने पोस्टकार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा १९०३ मध्ये बाजारात आणला, आणि चित्राच्या जागी घरच्याच माणसांचा फोटो पाठवणे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी बरीचशी कार्डे फिकी उतरतात. त्याचे मुख्य कारण म्हणजे फोटो सणाच्याच दिवशी काढला जातो. परदेशातले लक्ष्मीपूजन बहुधा कामाच्या दिवशी येते. माणसे कचेरीतून, मुले शाळेतून आणि नंतरच्या शिकवण्यांतून दमून घरी पोचतात. न्यू जर्सीत ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की पाचच्या आतच मावळतो. मग पूजा आटोपून, फराळाची ताटे मांडून, छताच्या दिव्याखाली सगळ्यांना उभे केले जाते. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत सावल्या साचतात. एका खोलीत पिवळा बल्ब आणि शेजारच्या स्वयंपाकघरात निळसर पांढरा एलईडी असला, तर एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. उजेड अपुरा म्हणून फोन संवेदनशीलता वाढवतो, चित्रात दाणे उमटतात, आणि हलणारे मूल पुसट होते. फ्लॅश मारला तर पैठणीच्या जरीवर पांढरे डाग पडतात आणि चष्म्यांत दिवे चमकतात.

सणाआधी नटूनथटून फोटो काढणे म्हणजे सणाचा देखावा करणे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो टिकत नाही. चकल्या आणि करंज्या आधी होतात, आकाशकंदील आधी लागतो, शुभेच्छापत्रही सणाला हाती पडावे म्हणून आधीच टाकावे लागते. मग फोटोच तेवढा त्या संध्याकाळी का काढायचा? उलट, फोटोची जबाबदारी आधीच उरकली की सणाची संध्याकाळ माणसांना पुरी मिळते. पणत्यांसकट फोटो हवाच असेल, तर सूर्यास्तानंतरचा अर्धा तास त्यासाठी राखावा. आकाशात निळा उजेड शिल्लक असताना दिव्यांची ज्योतही दिसते आणि चेहरेही दिसतात. पूर्ण काळोखात दोन्ही साधत नाहीत.

दिवस निवडताना हवामानापेक्षा माणसे पाहावीत. आजी-आजोबा पर्यटक व्हिसावर आले की एका खेपेस बहुधा सहा महिने राहतात, आणि थंडी सोसत नाही म्हणून बरेचजण उन्हाळ्यात येऊन दिवाळीआधीच परततात. ज्या दिवशी तीन पिढ्या एका छपराखाली असतील, तो कार्डाचा दिवस. मग तो जून असो वा जुलै. जूनमधला फोटो दिवाळीच्या कार्डावर मुळीच विसंगत वाटत नाही. कार्ड पाहणाऱ्या नातेवाइकाला आजींचा चेहरा पाहायचा असतो, मागच्या झाडाची पाने पिवळी आहेत की हिरवी हे नव्हे. पाने पिकण्याची वाट पाहताना आजी-आजोबांचे विमान निघून जाते, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

उजेडासाठी स्टुडिओची गरज नाही. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी असेल, तर घरातले सगळे दिवे बंद करून माणसांना तिच्या बाजूला, तिरकस तोंडे करून बसवावे. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर धरली की सावलीतला गाल उजळतो. माणसे सहा-आठ असतील तर अमेरिकन घरातले गॅरेज फार उपयोगी पडते. दार पूर्ण उघडून, गाड्या बाहेर काढून, सगळ्यांना उंबऱ्याच्या फूट-दोन फूट आत, बाहेर तोंड करून उभे करावे. समोरच्या आकाशाचा मऊ उजेड सर्वांवर सारखा पडतो आणि मागचा पसारा अंधारात जातो. अंगणात काढायचा असल्यास सूर्यास्ताआधीचा तास उत्तम. भर दुपारी घराची सावली गाठावी.

भारतीय वर्णाच्या चेहऱ्यांकडे अधिक लक्ष हवे. फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र वापरीत. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. सावळी त्वचा त्या मोजमापात नीट बसत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात ही अडचण पुष्कळ कमी झाली असली, तरी मागे बर्फ, पांढरी भिंत किंवा उजळ आकाश असले की कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी घरातल्या सर्वांत सावळ्या चेहऱ्यावर बोट टेकवून फोकस धरावा आणि शेजारी येणारे सूर्याचे चिन्ह किंचित वर सरकवावे. एवढे पुरते. त्यानंतर त्वचा गोरी करणारा ‘ब्यूटी’ फिल्टर लावणे मात्र सर्वस्वी टाळावे. ज्या घरातली मुले वर्णावरून शाळेत काहीबाही ऐकत असतील, त्या घराने त्याच मुलांचा रंग स्वतःच्या हाताने बदलून दीडशे लोकांना पाठवू नये.

फोनचे मुख्य भिंग रुंद पट्टा टिपते, म्हणून कडेची माणसे ताणलेली दिसतात. दुप्पट झूम घेऊन चार पावले मागे जावे आणि वडीलधाऱ्यांना मध्ये बसवावे. कॅमेरा छातीच्या उंचीवर, तिवईवर असावा. सगळ्यांची डोकी एका रेषेत नकोत: आजी खुर्चीत, कुणी खुर्चीच्या हातावर बसलेले, कुणी मागे वाकलेले, एखादे मूल कडेवर. स्वतंत्र कॅमेरा असेल आणि माणसे दोन ओळींत असतील, तर भिंगाचे छिद्र एफ ५.६ ते ८ आणि शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतके जलद ठेवावे. फोटो किती काढावेत, याचा हिशेब ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी मांडला होता आणि त्यासाठी त्यांना २००६ चे इग नोबेल मिळाले. माणसे वीसहून कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने, कमी उजेडात दोनने भागावे; तितक्या फोटोंपैकी एकात तरी कुणाचे डोळे मिटलेले नसण्याची जवळजवळ खात्री असते. हा हिशेब फक्त पापण्यांचा आहे. पाच वर्षांखालील मूल असेल तर त्याच्या कित्येक पट काढावेत, आणि ‘हसा’ असे ओरडण्याऐवजी आजोबांनी त्याच्या कानात काहीतरी सांगावे.

कपडे एकाच रंगाचे असण्याची गरज नाही. बारीक चौकडी आणि मोठी अक्षरे टाळली म्हणजे झाले.

छपाईसाठी पाच बाय सात इंचाच्या कार्डाला इंचाला तीनशे बिंदूंच्या हिशेबाने १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात. एवढे कोणताही फोन देतो, पण व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे आलेला फोटो दाबलेला असतो, म्हणून मूळ फाइलच घ्यावी. कडेला कापायला जागा सोडावी, नाहीतर टोकाच्या काकांचा खांदा जातो. देवनागरी मजकूर छपाईच्या संकेतस्थळावरील चौकटीत थेट टाइप करू नये. तेथे पुष्कळदा ‘हार्दिक’मधला रफार सुटून र पाय मोडलेला दिसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. मजकूर आपल्या संगणकावर जुळवून, त्याचे चित्र करून तेच फोटोवर बसवावे. मागच्या बाजूला सर्वांची नावे, गाव आणि साल छापावे. ती बाजू चकचकीत नसावी, म्हणजे पेनाने दोन ओळी लिहिता येतात.

अमेरिकन टपालात चौकोनी, म्हणजे चारही बाजू सारख्या असलेल्या पाकिटाला जादा आकार पडतो; पाच बाय सातच्या कार्डाचे नेहमीचे आयताकृती पाकीट साध्या तिकिटावर जाते. २०१६ साली निघालेले दिवाळीचे ‘फॉरएव्हर’ तिकीट कुणाकडे शिल्लक असेल तर ते आजही चालते. भारतातल्या नातेवाइकांसाठी मात्र कार्डाची मूळ फाइल ई-मेलने पाठवून तिथल्याच एखाद्या फोटो स्टुडिओत छापून घ्यावी. टपालाला कित्येकदा आठवडे लागतात, आणि ठाण्याच्या मावशींना कार्ड वसुबारसेपूर्वी मिळायला हवे.