आधी कोक, मग लोखंड

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या समारंभाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. पण भट्टी पेटण्याआधी कोक भट्ट्यांची पहिली मालिका सुरू झाली होती, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक कितीही येऊन पडला, तरी कोकशिवाय लोखंड होत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलाद तयार होऊ लागले आणि रुळांची गिरणी चालू झाली ती १९६० मध्ये. आधी कोक, मग लोखंड, मग पोलाद, मग रूळ. हा क्रम कुणाच्या मानापानाचा नव्हता, गरजेचा होता. मागच्याने दिल्याशिवाय पुढच्याचे काम सुरूच होऊ शकत नाही.

घराघरांत आणि दुकानादुकानांत ठेवलेला संगणक रोज सकाळी हेच करीत असतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत त्याच्या पोटात कितीतरी लहानमोठे कार्यक्रम एकामागून एक जागे होतात. कुणी डिस्क तपासतो, कुणी नेटवर्क जोडतो, कुणी माहितीचा साठा उघडतो, कुणी छपाई यंत्राकडे लक्ष ठेवतो. पडद्यामागे राहून काम करणाऱ्या या कार्यक्रमांना संगणकाच्या भाषेत ‘सर्व्हिस’ म्हणतात. त्यांचा क्रम चुकला, की संगणक चालू दिसतो, पण काम अडते.

भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील छोटी पॅथॉलॉजी लॅब डोळ्यांसमोर आणावी. लॅब चालवणारी डॉक्टर मुलगी मराठी घरातली. वडील झोतभट्टीवरून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पावसाळ्याचे दिवस, डेंग्यूची साथ, सकाळी आठपासून प्लेटलेटच्या रिपोर्टसाठी बाकावर बसलेली माणसे. अशा वेळी मुख्य संगणक सुरू होतो, पण रिपोर्टचा कार्यक्रम उघडत नाही. ‘माहितीसाठ्याशी संपर्क होत नाही’ एवढे एकच वाक्य पडद्यावर येते. डॉक्टरबाई तो कार्यक्रम बंद करून हाताने पुन्हा चालू करतात आणि सारे सुरळीत होते. पुढे ही रोजचीच सवय होऊन बसते. एके दिवशी त्यांना यायला उशीर होतो. मदतनीस मुलीला ही युक्ती ठाऊक नसते. एका आजारी मुलाचा रिपोर्ट तासभर अडकून पडतो आणि त्याची आई दाराशी ताटकळत उभी राहते.

‘हाताने चालू केले की चालते, आपोआप चालू होताना मात्र अडते’ हे या दुखण्याचे पहिले लक्षण. कार्यक्रमातच दोष असता, तर तो हाताने चालू करूनही चालला नसता. तो सकाळी अडतो, कारण त्याला ज्याची गरज आहे तो माहितीसाठा त्या क्षणी तयार नसतो. पाच मिनिटांनी सगळेच जागे झालेले असते, म्हणून हाताचा गुण येतो.

मग कुणी जाणकार येतो आणि सोपा उपाय करून जातो. रिपोर्टच्या कार्यक्रमाला सुरू होण्यापूर्वी साठ सेकंद थांबायला सांगतो. आठवडाभर सारे ठीक चालते. मग एका रात्री वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, संगणक अचानक बंद पडतो आणि सकाळी पुन्हा तेच वाक्य पडद्यावर येते.

वडील चहाचा कप ठेवून विचारतात, “वीज गेली, की त्याच दिवशी का अडतं?”

“बाबा, तो योगायोग असेल,” मुलगी म्हणते.

“भट्टी ठरवून थांबवली तर ती पुन्हा चालू करणं वेगळं, आणि मध्येच बंद पडली तर वेगळं. दुसऱ्या वेळी जास्त वेळ लागतो. तुझ्या संगणकाचंही तसंच असेल. नोंदवही कुठं आहे त्याची?”

प्रश्न बिनचूक होता. संगणकाची नोंदवही खरोखरच असते. लिनक्सवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक संगणकांत तिला ‘जर्नल’ म्हणतात, तर विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नावाने ती उघडता येते. कोणती सर्व्हिस किती वाजून किती सेकंदांनी उठली, कोणती पडली आणि का पडली, याची ओळ तिच्यात सापडते. अशा लॅबच्या नोंदीत हे वाचायला मिळेल : ७ वाजून ५२ मिनिटे ५ सेकंदांनी माहितीसाठा उठला. ७ वाजून ५३ मिनिटे ५ सेकंदांनी रिपोर्टच्या कार्यक्रमाने हाक मारली, उत्तर आले नाही, म्हणून तो बंद पडला. ७ वाजून ५३ मिनिटे ४० सेकंदांनी माहितीसाठा तयार झाला. सारा घोटाळा पस्तीस सेकंदांचा.

माहितीसाठ्याला त्या दिवशी इतका वेळ का लागला? नीट बंद केलेला साठा काही सेकंदांत उघडतो. पण मध्येच वीज गेली, तर अर्धवट राहिलेले व्यवहार तो आपल्या खतावणीतून पुन्हा तपासतो, पुरे झालेले ठेवतो आणि अपुरे टाकून देतो. रुग्णांची माहिती बिघडू नये म्हणूनच ही काळजी असते. तिला किती वेळ लागेल, हे राहिलेल्या कामावर अवलंबून असते. म्हणून ‘साठ सेकंद थांब’ हा उपाय नसून अंदाज होता. याच कारणाने कधी कधी जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क बसवल्यावर बिघाड सुरू होतो. आधी जो कार्यक्रम उशिरा पोहोचायचा, तो आता सर्वांच्या आधी दारात येऊन उभा राहतो.

जुन्या युनिक्स आणि लिनक्स संगणकांत सर्व्हिसना रांगेतले क्रमांक दिलेले असत. दहा नंबरचा आधी, वीस नंबरचा नंतर. रांग सरळ होती, पण सगळ्यांना एकामागे एक उभे राहावे लागे, म्हणून वेळ फार जाई. २०१० मध्ये ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था आली आणि पुढे बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली. तिच्यात ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते कार्यक्रम एकाच वेळी उठतात. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो, पण ज्यांचा संबंध आहे, तो स्पष्ट लिहून द्यावा लागतो.

इथे पुष्कळ जाणकारही चुकतात. सिस्टमडीमध्ये ‘रिक्वायर्स’ म्हणजे ‘मला याची गरज आहे’, आणि ‘आफ्टर’ म्हणजे ‘मी याच्या नंतर’. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नुसती गरज लिहिली, तर दोघे एकदमच धावत सुटतात. नुसता क्रम लिहिला आणि पहिला उठणारच नसेल, तर दुसरा त्याची वाट न पाहता निघतो. लग्नाला भटजी हवेत हे ठरवणे वेगळे आणि मंगलाष्टके भटजी आल्यावरच सुरू करायची हे ठरवणे वेगळे. दोन्ही ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. सर्व्हिस ‘सुरू झाली’ म्हणजे ती ‘तयार झाली’ असे नव्हे. भट्टी पेटली म्हणजे लगेच लोखंड वाहू लागत नाही. चांगली लिहिलेली सर्व्हिस तयार झाल्यावर तसा निरोप देते आणि मगच पुढच्याला सोडले जाते. जी असा निरोप देत नाही, तिच्यावर अवलंबून असलेल्या कार्यक्रमाने दार ठोठावून पाहावे, उत्तर नसेल तर थोडे थांबून पुन्हा ठोठवावे. एकदाच हाक मारून रुसून बसू नये.

विंडोजमध्ये सर्व्हिसच्या माहितीत ‘डिपेन्डन्सीज’ नावाचे पान असते. कुणाला कुणाची गरज आहे, ते तिथे दिसते. व्हिस्टापासून तिथे ‘विलंबाने आपोआप सुरू’ असाही पर्याय आला. घाई नसलेल्या कार्यक्रमांना तो उपयोगी आहे, पण तोही घड्याळाचाच उपाय. गरज लिहून देण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

कधी कधी एक विचित्र गाठ पडते. पहिल्याला दुसरा हवा आणि दुसऱ्याला पहिला. झोतभट्टीला तापलेल्या हवेचा झोत लागतो. ती हवा तापवणारे स्टोव्ह एरवी भट्टीच्याच वायूवर जळतात. मग पहिल्या दिवशी काय करायचे? तेव्हा कोक भट्टीच्या वायूसारखे बाहेरचे इंधन वापरून स्टोव्ह तापवावे लागतात. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले, तेव्हाही कोळशाच्या केंद्रांपुढे हाच पेच होता. वीज निर्माण करायला पंप आणि पंखे हवेत आणि ते चालवायला वीज हवी. अशा वेळी थोडक्या विजेवर सुरू होऊ शकणारी जलविद्युत केंद्रे आणि शेजारचे शाबूत जाळे कामी येते. संगणकात अशी गाठ पडली, तर सिस्टमडी एखादा कार्यक्रम सोडून देऊन ती तोडते आणि तसे नोंदवहीत लिहिते. पण कुणाला सोडायचे ते संगणकावर टाकण्यापेक्षा ती गाठ माणसाने सोडवावी हे बरे.

लॅबमध्ये काम अर्ध्या तासाचे निघाले. साठ सेकंदांची अट काढली. गरज आणि क्रम दोन्ही लिहिले. उत्तर न आल्यास दहा सेकंदांनी पुन्हा हाक मारायला सांगितले. मग वडिलांनी आग्रह धरला, की सुरळीत बंद करून चालू केले तर ते तपासणे नव्हे. खरी प्रत वापरायची नाही म्हणून माहितीची प्रत दुसऱ्या संगणकावर घेतली, तिथे तीच मांडणी केली आणि काम चालू असताना त्याची वीज काढली. संगणक पुन्हा उठला. रिपोर्टचा कार्यक्रम तीनदा थांबला, चौथ्यांदा उघडला.

त्यानंतरच्या पावसात पुन्हा एका रात्री वीज गेली. सकाळी मदतनीस मुलीने बटण दाबले, नमुन्यांच्या बाटल्या मांडल्या आणि आठ वाजता पहिला रिपोर्ट छापून बाकावरच्या आजींच्या हातात दिला. रात्री काही घडले होते, हे तिला कळलेसुद्धा नाही.