फोटोतला लसूण

‘फोटो प्रोफेशनल पाहिजेत हो, नाहीतर कोण घेतंय?’ घरी चार पदार्थ करून विकणाऱ्या बायकांच्या तोंडून हे ऐकलं की मला आता चीड येते. पाच किलो कारळे भाजून कुटायला या बायका भीत नाहीत, आणि हातातल्या मोबाईलला भितात!

माझ्या धाकट्या जावेचंच सांगते. ती इथं बेळगावात कारळ्याची चटणी करून विकते. आमच्या भागात ही चटणी घरोघर होते. तिच्या चटणीचं वेगळेपण एकच, तीत लसूण नाही. बस्तीत भेटणाऱ्या बायका तिच्याकडून घेतात त्या एवढ्याचसाठी. पण कुणीतरी डोक्यात भरवलं, आणि तिनं चार पदार्थांच्या फोटोंना 6000 रुपये मोजले. महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. फोटो आले. काळं दगडी ताट, मागं काहीतरी धूसर हिरवं, आणि वाटीला टेकून लसणीचा अख्खा गड्डा! विचारलं तर तो पोरगा म्हणतो, ‘काकू, या चटणीत लसूण असतोच ना? फ्रेम भरून दिसते.’ फ्रेम भरली, आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी घेणं सोडलं.

पोराला मी बोल लावत नाही. त्याला आपली चटणी ठाऊक नव्हती. जिला ठाऊक आहे तिनं कॅमेरा दुसऱ्याच्या हाती का द्यावा, एवढंच माझं विचारणं आहे.

आणि त्यात असतं काय एवढं? उजेड! बाकी सगळं मागाहून. जिथून थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी पाट मांडा. उत्तरेची खिडकी असली तर फारच बरं. ऊन येतच असेल तर जुनं पांढरं धोतर आडवं बांधा, उजेड मऊ होतो. घरातला दिवा आणि मोबाईलचा फ्लॅश दोन्ही बंद. दिव्याचा रंग वेगळा, दिवसाचा वेगळा. दोन्ही मिसळले की खोबरं एका बाजूनं पिवळं दिसतं. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायची सवय आहेच, तसेच फोटोही उरकावेत!

पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून पाटावर उतरवायचा. घडी घालायची नाही, नुसता वळवायचा, म्हणजे मागं रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली निवळते. आम्ही हे दोन्ही आणलं, शंभराची नोट मोडून वर चिल्लर परत आली. मोबाईलची काच पदरानं पुसायची (निम्मे फोटो तेलकट बोटांनी बिघडतात). मोबाईल डब्यांच्या उतरंडीला टेकवून टायमर लावला की हात हलायचा प्रश्न नाही. बरणी फार जवळून टिपू नका, पोट सुटल्यासारखी दिसते. थोडं मागं सरून दुप्पट झूम करा.

आमची खरी पंचाईत झाली ती काळ्या रंगाची. जवळून नुसती चटणी टिपली की मोबाईलला वाटतं अंधार आहे, तो आपणहून उजेड वाढवतो आणि चटणी चुलीतल्या राखेसारखी दिसते. पडद्यावर चटणीवर बोट टेकवून उजेड खाली ओढला तेव्हा कुठं ती कारळ्याची वाटली. राखेला कारळ्याची चटणी म्हणायचं नाही, हे ती करणाऱ्या बाईलाच कळणार.

दागिने, काचसामान, चकचकीत भांडी यांचं निराळं. त्यांत आपलंच तोंड दिसतं. तिथं जाणत्या माणसाला त्याची मजुरी जरूर द्यावी. पण चटणी, पापड, शेवया, वाती? ‘मला नाही बाई जमायचं’ म्हणून मोबाईल लेकाच्या हाती देऊ नका. तो आधी सौंदर्याचा फिल्टर लावतो, आणि पाकीट उघडल्यावर रंग वेगळा निघाला की बोलणी तुम्ही खाता.

आता जाऊबाई पाकिटाच्या मागच्या बाजूचाही फोटो टाकते. कारळे, सुकी मिरची, जिरं, चिंच, गूळ, मीठ, आणि वजन. अक्षरं वाचता येतील असा. परवा मला फोटो दाखवून म्हणाली, ‘अक्का, वाटीच्या काठावर थोडी सांडलीय, पुसून परत काढू का?’

म्हटलं, राहू दे. ऊन चढतंय, आधी शेवयांचे काढून घे.