शोधशब्दांवरचा रुमाल

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत शनिवारी दुपारी जी गर्दी उतरते ती कोठून येते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. मुंबईहून कर्जत लोकलने आणि पुण्याकडून द्रुतगती मार्गाने ती येते. परंतु ती अमक्याच फार्महाऊसवर का जाते आणि त्याच्या शेजाऱ्याकडे का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर एके काळी येथील मालकांना बव्हंशी ठाऊक होते. आज ते ठाऊक नाही. मधल्या काळात गिऱ्हाईक बदलले नाही, डोंगर आणि धबधबेही बदलले नाहीत. बदलली ती एक तांत्रिक व्यवस्था, आणि ती बदलताना येथील कोणास विचारले गेले नव्हते.

ही व्यवस्था नेमकी काय होती हे थोडक्यात सांगावयास हवे. गुगलवर कोणी काही शब्द टंकून शोध घेतला, की ते शब्द निकालाच्या पानाच्या पत्त्यातच गुंफलेले असत. त्या पानावरून वाचक एखाद्या संकेतस्थळावर गेला, की आधीच्या पानाचा पत्ता ब्राऊझर त्या स्थळास आपोआप कळवीत असे. त्यामुळे पाहुणा कोणते शब्द शोधीत आपल्या दारी आला, हे स्थळाच्या मालकास कळे. २००५ साली गुगलनेच ‘ॲनालिटिक्स’ ही मोजदादीची सेवा विनामूल्य उपलब्ध करून दिली आणि या शब्दांचा तक्ता अगदी लहान व्यावसायिकाच्याही हाती आला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे कशेळ्याच्या बाजूस पेज नदीच्या काठी चार खोल्यांचे घर आहे. वडिलोपार्जित भातशेतीला जोड म्हणून त्याने ते पाहुण्यांसाठी उघडले आणि एक साधे संकेतस्थळ करविले. शब्दांचा तो तक्ता तो दर सोमवारी पाहत असे. पेठच्या किल्ल्याला जाणारी तरुण मंडळी आदल्या रात्रीचा मुक्काम शोधीत आहेत, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने पहाटे पाच वाजता चहा-पोहे देण्याची सोय केली आणि तसे संकेतस्थळावर लिहिले. जैन जेवण मिळेल काय, असा शोध वारंवार दिसू लागला तेव्हा त्याने कांदा-लसूण-बटाट्याविना स्वयंपाकाची भांडी वेगळी काढली. स्टेशनवरून रिक्षा मिळते का, कुत्रा आणला तर चालेल का, हे प्रश्न कोणी दूरध्वनीवर विचारीत नसे. ते शोधाच्या चौकटीत विचारले जात. काही शब्द तर त्याच्यासाठी नव्हतेच. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, कर्जत शोधणारे लोक चुकून त्याच्या पानावर येऊन पडत, आणि पाहुण्यांचा जो आकडा फुगलेला दिसे त्यातून हे बिचारे वजा करावे लागत, हेही त्या तक्त्यामुळेच कळे. मागणीने पुरवठ्याशी थेट बोलावे, ही आम्ही वर्गात फळ्यावर रेघा ओढून शिकवितो ती गोष्ट येथे प्रत्यक्ष घडत होती.

२०११ च्या ऑक्टोबरात गुगलने जाहीर केले की, आपल्या खात्यात प्रवेश करून शोध घेणाऱ्यांचा शोध यापुढे कूटबद्ध राहील आणि शोधशब्द पुढच्या स्थळास कळविले जाणार नाहीत. त्या वेळी तक्त्यात ‘शब्द पुरविलेला नाही’ अशा अर्थाची एक ओळ उगवली आणि दर महिन्यास ती फुगत गेली. २०१३ च्या सप्टेंबरापर्यंत हा नियम सर्वच शोधांना लागू झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलात खालापूर तालुक्यात इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले होते. खोपोलीच्या आसपास, महडच्या वरदविनायकाच्या वाटेवर, त्यानंतर ज्यांनी मुक्कामाच्या खोल्या बांधल्या, त्यांनी तो शब्दांचा तक्ता भरलेला असा कधी पाहिलाच नाही. आपल्याकडून काय गेले आहे हे त्यांना सांगूनही पटत नाही.

या बदलामागील कारण खोटे होते असे मात्र कोणी म्हणू नये. मनुष्य शोधाच्या चौकटीत जे लिहितो ते तो वैद्यालाही सांगत नाही. २००६ च्या ऑगस्टात एओएल या अमेरिकन कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे दोन कोटी शोध नावे गाळून संशोधकांसाठी खुले केले; केवळ त्या शब्दांवरून एका वृद्ध महिलेपर्यंत वार्ताहर काही दिवसांतच जाऊन पोहोचले. २०१३ च्या जूनमध्ये स्नोडेन यांनी अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रे बाहेर आणली, तेव्हा उघड्या वाहतुकीवर कोणाकोणाचा कान आहे हे जगाला कळले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. शिवाय विपणनाचा व्यवसाय करणारी मंडळीही काही साधुसंत नव्हती. गिऱ्हाइकांचे शब्द कळले की ते पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकड्यांनी छापून शोधयंत्रास फसविण्याचा उद्योग त्यांच्यातल्या अनेकांनी केला आहे.

परंतु येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वाटेत कोणी चोरून ऐकू नये म्हणून संवाद कूटबद्ध करणे ही एक गोष्ट. ज्या दारी वाचक स्वतःहून जात आहे, त्या दारच्या माणसापासून शब्द लपविणे ही दुसरी. पहिलीने दुसरी अपरिहार्य होत नव्हती. तो स्वतंत्र व्यापारी निर्णय होता. याचा पुरावा त्या निर्णयातील अपवादातच आहे. पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीवर वाचकाने बोट ठेवले, तर त्याचे शब्द जाहिरातदारास पूर्ववत पोहोचत राहिले. ही वाट २०१४ च्या एप्रिलात बंद करण्यात आली, तीही अर्धवट. जाहिरातदाराला शब्दांचा अहवाल स्वतंत्रपणे मिळतच राहिला. ज्याचा खासगीपणा जपावयाचा तो वाचक दोन्ही ठिकाणी एकच. मग जाहिरातीच्या वाटेने गेला असता त्याचा खासगीपणा कमी मोलाचा ठरतो काय?

जुन्या बाजारपेठांतील रुमालाची पद्धत वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. शेतकऱ्याचा माल समोर पडलेला असे, आणि दलाल व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारीच उभा असे. त्याला फक्त रुमाल दिसे. सौदा गुप्त राहिला तर बोलीत चढाओढ होत नाही, असे त्याही वेळी सांगितले जाई. १९३९ च्या मुंबई कायद्याने आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलावाचा पायंडा पाडला. समित्यांचे पुढे काय झाले हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. पण भाव उघड असावा हे तत्त्व कोणी नाकारले नाही. शोधशब्द हे मागणीचे पहिले उच्चारण होय. त्यावर आज रुमाल आहे, आणि रुमालाखालचा हात एकाच मध्यस्थाचा आहे.

लहान मालकाच्या हाती आता काय उरले? गुगलची ‘सर्च कन्सोल’ ही सेवा काही शब्द दाखविते. परंतु त्या शब्दाने आलेल्या पाहुण्याने पुढे खोली घेतली की नाही, याचा धागा तेथे तुटलेला असतो. सोळा महिन्यांपूर्वीचा हिशेब मिळत नाही. म्हणजे सलग दोन पावसाळ्यांची तुलना जेमतेम होते, तिसरा पावसाळा हाती लागत नाही. आणि जे शब्द फार थोड्या लोकांनी टंकले ते खासगीपणाच्या कारणास्तव गाळले जातात. मोठ्या हॉटेलला याने फरक पडत नाही. चार खोल्यांच्या घराचे मात्र जवळजवळ सगळे गिऱ्हाईकच विरळ शब्दांनी येते, आणि शहरी वाचक शोध बहुधा रोमन लिपीत घेत असल्यामुळे मराठीत लिहिलेला शोध तर विरळच. २०२० च्या सप्टेंबरापासून जाहिरातदारांच्या अहवालातूनही असे विरळ शब्द वगळण्यात येऊ लागले. शुल्क भरणाऱ्यावरही रुमाल पडला, इतकेच.

याचे परिणाम या दोन तालुक्यांत दिसतात. स्टिग्लर यांनी १९६१ साली दाखवून दिले की माहिती शोधण्यालाही किंमत असते आणि ती कोणीतरी सोसते. येथे ती मालकाने सोसली. आपले गिऱ्हाईक काय मागते हे कळेनासे झाल्यावर तो आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या संस्थांकडे गेला. त्या दर खोलीमागे दलाली घेतात आणि पाहुण्याचा तपशील बहुधा स्वतःजवळ ठेवतात. शब्द वाचून सल्ला देणारी पनवेल-कर्जतकडची तरुण मुले आता जाहिरातींचे अंदाजपत्रक सांभाळतात. अमुक पानावर वाचक आला, तर त्याने अमुकच शोधले असावे, असा तर्क ती लढवितात. तर्क कधी बरोबरही येतो.

कायद्याने यात लक्ष घातलेले नाही असे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. युरोपच्या डिजिटल बाजार कायद्याने शोधांची माहिती प्रतिस्पर्धी शोधयंत्रांस देण्याचे बंधन घातले. अमेरिकेतील न्यायालयानेही २०२५ च्या सप्टेंबरात त्याच धर्तीचा आदेश दिला. पण हे सारे एका शोधयंत्राकडून दुसऱ्या शोधयंत्राकडे. कशेळ्याचा मालक या वाटपात कोठेच नाही. आपला २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा व्यक्तीचे रक्षण करू पाहतो, ते योग्यच. समूहाच्या मागणीवर कोणाचा अधिकार, हा त्याचा प्रश्नच नाही. २०२४ च्या मार्चमध्ये डिजिटल स्पर्धेच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा हा प्रश्न विचारता आला असता.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, तालुकावार, नावाविना आणि पुरेशी गोळाबेरीज करून शोधशब्द प्रसिद्ध करण्याचे बंधन मोठ्या शोधसंस्थांवर घालावे. बाजार समित्यांचे रोजचे भाव कृषी पणन मंडळ प्रसिद्ध करते, त्यात कोणा एका शेतकऱ्याचे गुपित फुटत नाही. कर्जत तालुक्यासाठी गेल्या आठवड्यात कोणत्या सोयींचा शोध किती वेळा झाला, एवढेच हवे. ‘गुगल ट्रेंड्स’ आहे की, असे कोणी म्हणेल. ते शंभरपैकी सापेक्ष चढउतार दाखविते, प्रत्यक्ष संख्या नव्हे, आणि आमच्यासारख्या लहान गावांच्या बाबतीत माहिती अपुरी असल्याचे सांगून मोकळे होते. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याच्या अंमलबजावणीतून ही मागणी का पुढे येऊ नये?

तोवर माझ्या विद्यार्थ्याने आपल्यापुरता उपाय केला आहे. ओसरीवर एक वही असते आणि निघताना पाहुण्याला तो विचारतो, आम्हाला शोधताना तुम्ही काय लिहिले होते? बहुतेकांना आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका पाहुण्याने सांगितले की त्याने काही लिहिलेच नव्हते. फोनला तोंडी विचारले, फोनने तीन नावे सांगितली, त्यांतले हे दुसरे. तिसरे कोणते होते, हे त्याने वहीत लिहून घेतले आहे.