रंगाच्या थरालाही प्रमाण असते

गाडीची प्रतिकृती ‘एकास चोवीस’ प्रमाणात आहे, असे म्हटले की लांबी, रुंदी आणि उंची ही तीन मापे डोळ्यांपुढे येतात. मूळ गाडीतील चोवीस मिलिमीटरला प्रतिकृतीत एक मिलिमीटर, हा हिशेब किटचा साचा करणाऱ्याने आधीच केलेला असतो आणि डबा उघडणाऱ्याच्या हाती तो तयार स्वरूपात येतो. मात्र त्याच ढाच्यावर प्राइमर, रंग आणि वरचे पारदर्शक लॅकर असे जे थर चढतात ते सर्वस्वी बांधणाऱ्याच्या हातचे असतात, आणि प्रमाणाचा हिशेब नेमका तेथेच सुटतो. चाकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला तर प्रदर्शनात त्यावर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. ढाच्यावरचा रंग प्रमाणाच्या मानाने वीसपट जाड आहे, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. प्रस्तुत अंक रंगकामाला वाहिलेला असल्याने हा सुटलेला हिशेब येथे मांडणे उचित ठरेल.

प्रचलित प्रमाणे सोयीतून आली आहेत. एका फुटाला अर्धा इंच धरला की एकास चोवीस मिळते. ब्रिटनमधील ‘ओ’ गेजच्या खेळण्यातील रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर धरले जात, आणि त्या रेल्वेच्या आराशीला जोड म्हणून १९३० च्या दशकात निघालेल्या डिंकी मालिकेमुळे एकास त्रेचाळीसच्या आसपासचे प्रमाण रुळले. अमेरिकेत एएमटी या कंपनीने मोटारविक्रेत्यांच्या दुकानांसाठी बनवलेल्या नमुन्यांच्या पुढे जाऊन १९५८ पासून एकास पंचवीस प्रमाणातील जोडायची किटे बाजारात आणली, तर जपानमधील शिझुओका येथील तामिया आणि तिच्या शेजारच्या कारखान्यांनी एकास चोवीस हे प्रमाण जगभर नेले. या साऱ्या परंपरेत प्रमाणाचा विचार झाला तो साच्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकपुरता. त्यावर चढणारा रंग हा गिऱ्हाइकाचा प्रश्न मानला गेला.

आकडे मांडून पाहिले की या दुर्लक्षाचा परिणाम स्पष्ट होतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीवर सर्व थर मिळून रंगाची जाडी साधारणपणे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असते. तिला चोवीसने भागले तर उत्तर ०.००५ मिलिमीटरच्या जवळपास येते, आणि इतका पातळ थर एअरब्रशने देऊन त्यात रंगाची छटा, झाकणशक्ती व चकाकी तिन्ही साधणे व्यवहारात शक्य नाही. उलट बाजूने पाहायचे तर प्रतिकृतीवरचे थर मिळून ०.१ मिलिमीटर भरले, म्हणजे मूळ गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखे झाले. मोटारीच्या दाराभोवतीची फट चार-पाच मिलिमीटरची असते. प्रतिकृतीत ती सुमारे ०.२ मिलिमीटर होते आणि तिच्या दोन्ही काठांवर ०.१ मिलिमीटर रंग चढला तर फट उरतच नाही. किटमधील रेघा प्रमाणापेक्षा रुंद कोरलेल्या असतात म्हणून ही आपत्ती पूर्णपणे ओढवत नाही, परंतु तीक्ष्ण काठ गोलसर होणे, बॉनेटवरची अक्षरे बुजणे आणि दार ढाच्यावर नुसते रेखाटल्यासारखे दिसणे हे दोष त्याच कारणाने उद्भवतात. धातूची चमक असलेल्या रंगात भर पडते ती कणांची: मोटारीसाठी बनवलेल्या रंगातील वीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजायचा, ॲल्युमिनियमचा कण एकास चोवीस प्रतिकृतीवर मूळ गाडीतील अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीएवढा ठरतो, आणि गाडीवर जरीचा चुरा उधळल्याचा भास होतो.

रंगाच्या प्रमाणाची चर्चा आपल्या क्षेत्रात होत नाही असे नाही. ती होते, पण बहुधा छटेच्या अंगाने. प्रतिकृती लहान असल्याने तिचा रंग मुळापेक्षा फिका घ्यावा, त्यात थोडा पांढरा मिसळावा, असा एक नियम सर्रास सांगितला जातो. दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिकटतो हे त्याचे समर्थन असून जहाजांच्या प्रतिकृतींपुरते ते खरेही आहे, कारण एकास सातशे प्रमाणातील जहाज तीस सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे मूळ जहाज २१० मीटरवरून पाहणे होय. गाडीच्या बाबतीत तोच गुणाकार करावा: एकास चोवीस प्रमाणात तीस सेंटिमीटर म्हणजे ७.२ मीटर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी असलेली गाडी. एवढ्या अंतरातील हवा कोणत्याही रंगाला फिकट करत नाही. दुसऱ्या शाखेतून उसना आणलेला हा नियम पाळणारे प्रतिकृतिकार छटा बिघडवून घेतात, आणि ज्या जाडीचा हिशेब खरोखर करायला हवा ती तशीच राहते.

या विवेचनाला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतकी कठोर कसोटी दुसरी सापडणार नाही. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादा संपून तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पुढच्या व मागच्या चाकांमधील २३४० मिलिमीटरचे अंतर एकास चोवीस प्रमाणात ९७.५ मिलिमीटर होते, आणि एवढ्याशा ढाच्यावर रंगाच्या दोन टोकांच्या अडचणी एकत्र येतात.

पिवळ्या रंगाची झाकणशक्ती कमी असते, म्हणून तो काळ्यावर मारला तर खालचा काळा दबेपर्यंत थरांवर थर चढतात आणि टपाभोवतीची पावसाच्या पाण्याची पन्हळ, जी प्रमाणात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची उरते, रंगाने भरून जाते. त्यामुळे आधी पांढऱ्या प्राइमरचा पातळ हात, त्यावर पिवळा, तो पुरता वाळल्यावर टपाला मास्किंग टेप आणि शेवटी काळा, हाच क्रम योग्य ठरतो. टेपच्या काठाशी काळ्याचा पहिला हात जवळजवळ कोरडा, टेपकडून ढाच्याकडे मारावा. ओला रंग काठाशी साचला तर टेप काढल्यावर तेथे उंचवट्याची रेघ राहते, आणि ती ०.०५ मिलिमीटरची असली तरी मूळ गाडीच्या हिशेबाने १.२ मिलिमीटरची पायरी होते. रेझिन वापरणाऱ्या थ्रीडी प्रिंटरच्या एका थराचीही जाडी बहुधा एवढीच असते, म्हणून छापून काढलेला ढाचा प्राइमरपूर्वी वॉटर पेपरने घासून घेणे टाळता येत नाही.

काळ्याचा प्रश्न निराळा आहे. फिक्या गाडीवर दाराच्या रेघेत पातळ गडद रंग सोडून ती उठावदार करता येते. काळ्या गाडीवर ही युक्ती निरुपयोगी, कारण तेथे फट दिसते ती छटेतील फरकामुळे नव्हे, तर पृष्ठभागावर पडलेले प्रतिबिंब काठाशी तुटते म्हणून. काठ रंगाने गोल झाला की प्रतिबिंब न तुटता वळून जाते आणि दार नाहीसे होते. त्यासाठी फट रुंद न करता प्राइमरपूर्वीच कोरणीने खोल करावी आणि काळ्याचे हात मोजके ठेवावेत. संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा हाही प्रमाणाचाच दोष आहे: मूळ गाडीच्या रंगात अशा लाटा असतातच, पण प्रतिकृतीवर त्याच आकाराची लाट चोवीसपट मोठी दिसते, म्हणून ती २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून नंतर कंपाऊंडने उजळावी लागते. घासताना काठावरचा रंग आधी जातो, हे लक्षात ठेवून काठांना टेपचे संरक्षण द्यावे.

किनारपट्टीवरील प्रतिकृतिकारांना पावसाळ्यात आणखी एक अडथळा भेटतो. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि ओल्या थरात अडकून पांढुरकी झाक आणते. काळ्यावर ती लगेच दिसते आणि ती झाकण्यासाठी आणखी एक थर दिला जातो, म्हणजे जाडी पुन्हा वाढते. कोरड्या दिवसाची वाट पाहणे किंवा सावकाश उडणारा थिनर वापरणे हे दोन्ही उपाय त्या वाढीव थरापेक्षा स्वस्त पडतात.

टॅक्सीवरील वयाच्या खुणाही याच दृष्टीने पाहाव्यात. गंज आणि चिखल माखून गाडी जुनी दाखवणे सोपे असते, परंतु रोज सकाळी फडक्याने पुसल्या जाणाऱ्या गाडीचे जुनेपण निराळे असते: चकचकीत काळ्यात एखाद्या मडगार्डवर नंतर मारलेल्या रंगाचा किंचित मंद तुकडा, टपावरच्या कॅरियरच्या पायांशी घासलेला पिवळा, डाव्या अंगाला बाहेर बसवलेल्या जुन्या यांत्रिक मीटरच्या दांड्याला हाताळणीने आलेली झळाळी. या खुणा थर वाढवून नव्हे, तर आहे त्या थराची चकाकी कमी-जास्त करून साधतात.

या विचारातून दोन गोष्टी कृतीत याव्यात असे या मासिकाचे मत आहे. पहिली मोजणीची. रंगवताना ढाच्याशेजारी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचा तुकडा ठेवावा, त्याच्या एका बाजूला ढाच्याइतकेच हात द्यावेत आणि आधीची व नंतरची जाडी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तशा स्क्रू गेजने मोजावी. ०.०१ मिलिमीटर अचूकतेचे ते साधन या कामाला पुरेसे आहे, आणि यापुढे रंगकामावरील लेखांसोबत हा आकडा असावा, अशी अपेक्षा आहे. दुसरी गोष्ट नोंदीची. पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली असली तरी काही गाड्या खासगी मालकांकडे आणि गॅरेजांत आजही उभ्या आहेत, आणि त्यांच्या फटींची रुंदी, काठांची गोलाई, पिवळा व काळा जेथे मिळतात त्या रेघेची जागा ही मापे ज्यांना त्या गाड्यांपर्यंत पोहोचता येते त्यांनी कॅलिपर लावून टिपून ठेवायला हवीत. चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर होते हे छापील तक्त्यात सापडते. टपाच्या पन्हळीची रुंदी गाडीपाशी उभे राहूनच मोजावी लागते.