तळी हिरवी झाली, दोष हवेचा?

पाषाण, कात्रज, जांभूळवाडी या पुण्याच्या तलावांवर कधी जलपर्णी पसरते, कधी शेवाळाचा हिरवा थर चढतो. याचे खापर हल्ली हवामानबदलावर फोडले जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, त्याला महापालिका काय करणार, असा एकूण सूर असतो.

यात खरे किती? १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. दाट शेवाळ पाण्यात विरघळलेला वायू दिवसा संपवून टाकते आणि पृष्ठभागावर तरंगणारे नील-हरित शेवाळ मग हवेतून येणाऱ्या वायूवर वाढते. हवेत तो जास्त असेल तर थर आणखी दाट होऊ शकतो. हे आम्ही मान्य करतो.

पण कोर्टात आम्ही विचारतो, मूळ कारण कोणते आणि हातभार कोणाचा? हाच वाद अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी झाला. तेव्हा दोष कार्बनचा आहे, साबणातल्या फॉस्फरसचा नाही, असे साबण कारखानदारांच्या बाजूने सांगितले जात होते. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या भागात त्या दोहोंबरोबर फॉस्फरसही. हिरवा झाला तो फॉस्फरसचा भाग. कार्बन हवेतून फुकट मिळतो, पण फॉस्फरस कोणीतरी पाण्यात सोडावा लागतो.

पाषाण तलावात तो कोण सोडतो? राम नदी भुकूम, भूगाव, बावधन करत तिथे येते. तिच्या काठी झोपड्यांपेक्षा टोलेजंग इमारतीच जास्त आहेत. फ्लॅटच्या जाहिरातीत तलावाचे दृश्य विकणारा बिल्डर त्याच फ्लॅटचा मैला आणि साबणपाणी कुठे जाते, हे मात्र छापत नाही.

पेशव्यांनी कात्रजचे पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. अस्पृश्यांना मात्र पाण्यासाठी १८६८ साली महात्मा फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद खुला करेपर्यंत वाट पाहावी लागली. आज त्याच कात्रजखालून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याकाठी गरिबांची वस्ती आहे. २०१९ च्या सप्टेंबरातल्या पुराने या ओढ्याकाठची माणसे नेली आणि २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळची घरे जेसीबीने पाडली. कायदा एवढ्या तत्परतेने सांडपाण्याच्या पाइपापर्यंत कधी पोहोचला? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ पाण्यात घाण सोडण्यास मनाई करते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कायदा अपुरा आहे, असे कोणी म्हणू नये.

नील-हरित शेवाळाच्या काही जाती यकृतावर घाला घालणारे विष तयार करतात. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून ते गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. जिथे यंत्र पोहोचत नाही, तिथे अशा पाण्यात जलपर्णी ओढायला कंत्राटी मजूर उतरतात. त्यांची जात आम्ही वाचकांना सांगायला नको. त्यांना गमबूट, हातमोजे आणि वैद्यकीय तपासणी मिळते का, हे ठेक्याच्या करारात पाहिले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. जलपर्णी काढण्याचे बिल मंजूर करताना, तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्यातील फॉस्फरसचा आकडा आणि त्या नाल्यात पाइप सोडणाऱ्या इमारतींची यादी महापालिकेने त्याच कागदावर छापावी.