प्रकाश पोहोचेल तेथवरच

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शहाद्यातील माझ्या चिकित्सालयात एका यंत्रविक्रेत्याचा प्रतिनिधी आला होता. ‘जंतू मारणारे लेसर’ असे त्याने आपल्या यंत्राचे वर्णन केले. मधुमेहींचे दुष्टव्रण, भगंदर, हिरड्यांतील पू आणि फुफ्फुसांचा क्षय या चारही ठिकाणी हे एकच यंत्र चालते, असे त्याचे म्हणणे. प्रकाशाची तरंगलांबी किती आणि सोबत रंजकद्रव्य कोणते वापरावयाचे, हे दोनच प्रश्न मी विचारले. त्याने माहितीपत्रक उलटून पाहिले आणि हप्त्यांची सोय सांगितली. त्याच वेळी बाहेर बाकावर धडगावकडील एक ऊसतोड मजूर बसला होता. पायाची जखम तीन आठवड्यांची, आणि खिशात कुणीतरी दिलेल्या प्रतिजैविकाची अर्धवट संपलेली पट्टी. प्रस्तुत विषयावर लिहावे असे वाटले ते या दोघांमुळे.

लेसरने जंतू मरतात काय? मरतात, याविषयी शंका नको. मात्र ते दोन निरनिराळ्या मार्गांनी मरतात आणि या दोहोंची गल्लत होते, तेथेच फसगतीला वाट मिळते. पहिला मार्ग उष्णतेचा. शस्त्रकर्मातील कार्बन डायऑक्साइड लेसर ऊती जाळतो, त्यासोबत तेथील जंतूही जळतात. सुश्रुताचार्यांचे अग्निकर्म जाणणाऱ्या वैद्याला हे तत्त्व नवे नाही. दुसरा मार्ग शीत प्रकाशाचा. येथे प्रकाश स्वतः फारसे काही करीत नाही. जंतूंमध्ये आधी मेथिलीन ब्ल्यूसारखे रंजक मुरवावे लागते. मग सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पडला की ते रंजक उत्तेजित होऊन आपली ऊर्जा जवळच्या प्राणवायूला देते. हा उद्दीपित प्राणवायू जंतूंचे आवरण, प्रथिने व जनुकद्रव्य यांवर एकाच वेळी आघात करतो. आघात अनेक ठिकाणी होत असल्याने जंतूंना त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविणे अवघड जाते. प्रतिजैविके निष्प्रभ होत चाललेल्या काळात या पद्धतीचे मोल आहे ते यामुळे.

ही क्रिया प्रथम लक्षात आली ती लेसरच्या शोधाच्या कितीतरी आधी. म्युनिक येथे फॉन टॅपाइनर यांच्या प्रयोगशाळेतील ऑस्कर राब या विद्यार्थ्याने १९०० साली प्रसिद्ध केले की, अॅक्रिडीन रंजकात ठेवलेले पॅरामेशियम हे सूक्ष्म जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. १९०३ साली नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशचिकित्सेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला लेसर मात्र थिओडोर मायमन यांनी १९६० साली बनविला. तात्पर्य, लेसर हे या चिकित्सेचे मर्म नव्हे. योग्य तरंगलांबीच्या साध्या एलईडी दिव्यानेही तीच क्रिया घडते. हिरडीचा खोल कप्पा किंवा दाताच्या मुळाची नलिका अशा अरुंद जागी बारीक तंतूतून प्रकाश न्यावयाचा असेल, तेथे लेसरची सोय खरी. उघड्या व्रणासाठी महागडे यंत्र का घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक व्यवसायबंधूने विक्रेत्याला अवश्य विचारावा.

आपल्या जिल्ह्याला या विषयातील सर्वांत जवळचा अनुभव सातपुड्यापलीकडचा आहे. शहादा–खेतिया–सेंधवा मार्गाने आपण ज्या इंदूरला जातो, तेथे १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. या केंद्राने ३३७ नॅनोमीटरचा अतिनील किरण देणारा नायट्रोजन लेसर तयार केला. फुफ्फुसांतील क्षयाच्या पोकळीत तंतूवाटे तो प्रकाश सोडून पाहण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात आपल्या देशात झाले. पुढे याच केंद्रात क्लोरिन पी-६ या रंजकाचा उपयोग करून उंदरांच्या संसर्गित जखमांवर तांबड्या प्रकाशाचे प्रयोग झाले. हे कार्य अभिमानास्पद आहे. तथापि क्षयावरील त्या लेसरला राष्ट्रीय उपचारपद्धतीत आजही स्थान नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कारण उघड आहे. प्रकाश पोहोचेल तेथवरच तो मारतो. तांबडा प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर शिरतो, निळा त्याहून कमी, अतिनील तर वरच्या वरच शोषला जातो. क्षयाचा जंतू पोकळीपुरता थांबत नाही. तो पेशींच्या आत, ग्रंथींत, दुसऱ्या फुफ्फुसात दडून असतो. तेथे महिनोन्‌महिने नियमित घेतलेले औषधच पोहोचते. लेसर घेतला म्हणून रुग्णाने मध्येच गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू अधिक हट्टी होऊन घरातील लेकरांपर्यंत जातील. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे रोजगारासाठी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि उपचारात खंड पडणे हीच मोठी अडचण आहे, तेथे असे आश्वासन देणे हा निव्वळ अज्ञानाचा दोष राहत नाही. तो अपराध ठरतो.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. या विषयाच्या चर्चेत ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. चरकसंहितेच्या कुष्ठचिकित्सेत श्वित्राच्या रुग्णाला औषधपानानंतर सूर्यताप सेवन करण्यास सांगितले आहे. बावचीतील सोरालेन व सूर्यप्रकाश यांचा संबंध आधुनिक त्वचाशास्त्रानेही मानला असून १९७४ पासून सोरालेन आणि अतिनील किरण यांची संयुक्त चिकित्सा रूढ झाली. परंतु श्वित्रात जंतू मारणे हा हेतूच नाही. रंगद्रव्य परत यावे हा आहे. म्हणून बावचीला ‘आयुर्वेदाचा लेसर’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. हळदीची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. हळदीतील कर्क्युमिन सुमारे ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते आणि त्या प्रकाशात जंतुनाश करते, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व प्रकाशातच लवकर विघटित होते. जखमेवर हळद भरून दिवा दाखविणे म्हणजे ही चिकित्सा नव्हे. येथे आपल्याला सिद्धीचा दावा मिळत नाही. तपासून पाहावा असा एक प्रश्न मिळतो, आणि तो आपल्याच द्रव्यगुणाच्या अंगणातला आहे.

एका बाबतीत मात्र आपले शास्त्र या नव्या चिकित्सेला थेट मार्गदर्शक ठरते. पू, मृत मांस आणि जाड खपली यांतून प्रकाश जात नाही, रंजकही मुरत नाही. म्हणजे आधी व्रणशोधन, मग प्रकाश. सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत शोधनाच्या आधी रोपणाची घाई त्यांना मान्य नाही. ज्या चिकित्सालयात व्रण रोज नीट धुतला जात नाही, तेथे लेसर आणून काय साधणार?

त्या मजुराचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. त्रिफळा क्वाथाने व्रणप्रक्षालन, मृत मांस काढणे आणि जात्यादि तैलाची पट्टी यांवर त्याची जखम महिन्याभरात भरून आली. परंतु महत्त्वाचे ते नव्हे. पट्टी करताना तो खोकत होता. विचारले तेव्हा खोकला दीड महिन्याचा निघाला. थुंकी तपासणीस पाठविली, क्षय होता. औषधे शासकीय केंद्रातून सुरू झाली. कारखान्यावर निघण्यापूर्वी त्याच्या औषधांची पुढील सोय तिकडच्या केंद्रात लागली आहे, याची मी खात्री करून घेतली. त्या दिवशी यंत्र माझ्या टेबलावर असते आणि प्रतिनिधीचा शब्द मी खरा मानला असता, तर याच माणसाच्या छातीवर मी प्रकाश टाकीत बसलो असतो, ही कल्पना आजही अस्वस्थ करते.

म्हणून संघटनेच्या सदस्यांपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. तरंगलांबी, रंजक आणि मात्रा लेखी मिळाल्याशिवाय कोणीही असे यंत्र घेऊ नये. घेतल्यास रुग्णाच्या व स्वतःच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. क्षयाच्या रुग्णाला प्रकाशचिकित्सेचे आश्वासन कोणीही देऊ नये. आणि आपण प्रतिजैविके किती जणांना, किती दिवस व का दिली, याची प्रत्येकाने वर्षभर प्रामाणिक नोंद ठेवावी. प्रतिजैविके निकामी होण्यात आपल्याही चिठ्ठ्यांचा वाटा आहे, हे मान्य करणे जड जाते. पण नव्या प्रकाशाची गरज का पडली, याचे उत्तर त्या नोंदवहीतच सापडेल.