लग्न लावणाराची जबाबदारी

यजमानाने वतनदार जोश्यास बोलाविले नाही तरी त्याची दक्षिणा कोर्टामार्फत वसूल होत असे. १९२६ च्या मुंबई कायद्याने तो हक्क गेला. आज कासुर्डीतील हिंदू वधूवरांचे लग्न अमक्याच जातीच्या पुरोहिताने लावावे, असे बंधन नाही. पण हक्क गेला म्हणून जबाबदारी गेली काय? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये १८ वर्षांखालील वधूचे किंवा २१ वर्षांखालील वराचे लग्न लावणारास २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वय पुरे असल्याचे मानण्यास सबळ कारण होते, हे त्यानेच शाबीत करावयाचे. म्हणून पंचांग उघडण्यापूर्वी वधूवरांचे जन्मदाखले मागावे, अशी गावोगावच्या पुरोहितांस आमची आग्रहाची विनंती आहे.